नागिणीचं माप

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. सांगलीच्या हळदपेठेत लहानाची मोठी झालेली मुलगी दुसरी कशी असणार? वडील एका अडत्याकडे माल पारखायला होते. पोत्याच्या तोंडाशी मांडलेल्या पिवळ्याधमक हळकुंडांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळाचं हळकुंड वर काढायचे आणि मोडून आतला रंग बघायचे. "दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं," हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं जायचं. त्यांचं आणखी एक सांगणं होतं. ज्यानं आपणहून आपल्या मालातली खोट दाखवली, त्याचं पोतं तेवढं विश्वासानं उघडावं.

असं शहाणपण पदरात बांधून मी कराडजवळच्या एका खेड्यात सून म्हणून आले. चीनच्या लढाईनंतरची ती वर्षं. नवरा फौजेत, लग्न झालं आणि रजा संपताच तो गेला. घरात उरलो आम्ही चौघं: सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि मी. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऊस होता, दोन म्हशी होत्या, खाण्यापिण्याला तोटा नव्हता. पण प्रत्येक गोष्टीला कुलूप होतं आणि सगळ्या कुलपांच्या किल्ल्या सासूबाईंच्या कनवटीला होत्या. गूळ, शेंगदाणे, तूप, सगळं कुलपात. दूध सकाळ-संध्याकाळ किटलीतून कराडच्या हॉटेलांना जायचं. राहिलेलं दिरांना आणि विरजणाला. सुनांनी दूध प्यायचं असतं हे त्या घराला ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. मी संशयी, तर आत्याबाई माझ्याही वरताण. मी चुलीपाशी बसले की त्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. डाळ किती घेतली, तेल किती सांडलं, डब्यातल्या पिठावर उमटवलेला हाताचा ठसा मोडला का, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायच्या. "सांगलीची हाय ती, पेठंतली," असं जाऊबाईंना माझ्यादेखत सांगायच्या. मीही काही कमी नव्हते. त्या मला गोड बोलल्या की आज काय काढून घ्यायचंय, असा प्रश्न माझ्या मनात आधी यायचा. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तसा आमचा संसार चालला होता.

एका हिवाळ्यात आत्याबाईंची डावी कूस दुखायला लागली. बाहेरून काही दिसत नव्हतं. सूज नाही, लाली नाही, पण किल्ल्या खोचायच्या त्याच जागी आग व्हायची. लुगड्याचा काठ लागला तरी त्या कळवळायच्या. पहिला संशय अर्थातच माझ्यावर आला.

"हिच्या हातचं कालवन खाल्ल्यापास्नं हाय हे," त्या म्हणाल्या. "कायतरी कालवलंया हिनं."

"आवं आत्याबाई, तेच कालवण मी बी खाल्लं की," मी म्हणाले.

"तू खाल्लंस का न्हाई, कुनी बघितलं?"

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा बंद केलं. मला राग आला आणि भीतीही वाटली. माझा माणूस हजारो कोसांवर, माहेर सांगलीला, आणि म्हातारीचं काही बरंवाईट झालं असतं तर गावानं काय म्हटलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. सासू मेली ठीक झालं, घरदार हाती आलं. ही म्हण मी तिथल्या बायकांच्या तोंडून पाण्यावर जाता-येता ऐकलेली होती.

मग अंगावर फोड उठले. पाठीच्या कण्यापासून निघून कुशीवरून बेंबीच्या अलीकडेपर्यंत, पाण्यानं भरलेल्या बारीक पुळ्यांचा पट्टा. जाऊबाईंनी आंघोळ घालताना बघितलं आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

"नागीन उठली!" त्या ओरडल्या.

हे ऐकून मला आधी हायसं वाटलं. निदान आळ तरी माझ्यावरून गेला होता. पण ते फार टिकलं नाही. ती कुणाला न भिणारी बाई भिंतीला टेकून खाली बसली. त्यांची स्वतःची सासू नागिणीनंच गेली, असं त्या घरात सांगत. नागीण अंगाला वेढा घालत जाते, आणि तिचं तोंड नि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस संपलं. या गोष्टीबद्दल गावात कुणाचं दुमत नव्हतं.

दिरांनी नदीपलीकडून नागीण उतरवणारे बाबा आणले. मोठ्या मिशांचा, हळू बोलणारा, शेतकरीच माणूस. पैसे घेत नसत, फक्त नारळ. पैसे न घेणाऱ्या माणसाचा मला जरा जास्तच संशय येतो, म्हणून मी दाराआडून त्यांच्यावर नजर ठेवून होते. त्यांनी गेरूसारखी तांबडी काव पाण्यात उगाळली, तोंडानं पुटपुटत फोडांच्या भोवतीनं बोटानं एक जाड रेघ ओढली. ही नागिणीची वेस. मग एक तांबडा दोरा घेतला. पाठीकडून शेपटापासून उजव्या कुशीवरून फिरवून पुढं तोंडापर्यंत आणला. म्हणजे नागिणीला अजून किती चालायचं बाकी आहे, तेवढं ते अंतर. तिथं गाठ मारली आणि दोरा जाऊबाईंच्या हातात दिला.

"रोज सकाळी माप घ्या," बाबा म्हणाले. "दोरा कमी पडला तर नागीन थांबली, उलटी फिरली. दोरा उरला, तर ती चालतीया."

मग पथ्य सांगितलं. मीठ नाही, तेल नाही, आंबट-तिखट नाही. आणि दूध तर थेंबभरसुद्धा नाही.

"दूद पाजलं की नागीन पोसली," बाबा म्हणाले. "अंडं बी न्हाई. सापाला जे जे आवडतं ते ते बंद. तिची उपासमार करायची."

ऐकताना हे इतकं बिनतोड वाटत होतं की माझ्यासारखीलाही लगेच खोट सापडेना. नागीण उपाशी मारायची तर तिचं खाणं तोडायचं, यात चुकीचं ते काय? फक्त ते खाणं जात होतं आत्याबाईंच्या तोंडातून, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या अळणी पातळ कण्या, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. त्याही जाऊबाईंनी शिजवायच्या, मी नाही. आधीच कळांमुळे त्यांची भूक गेलेली, त्यात त्या बेचव कण्या. दोन घास घ्यायच्या आणि वाटी सरकवायच्या.

पहिल्या दोन-तीन सकाळी दोरा बरोबर आला. मग एके दिवशी तो उरला. बोटाच्या पेराएवढाच, पण उरला. जाऊबाईंनी नवी गाठ मारली. पुढं ती नवी गाठही मागं पडली. दोऱ्यावर गाठी चढत गेल्या आणि नागिणीचं तोंड शेपटाकडे निघालंय हे सगळ्यांनी धरून चाललं. बाबा आले, त्यांनी कण्यांतलं चिमूटभर जिरंही बंद केलं. आत्याबाईंनी अंथरुणावरून कपाटातलं हिरवं लुगडं काढून वर ठेवायला सांगितलं. विधवेला हिरवं कशाला, असं मी विचारणार होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माज्या आईनं घेतल्यालं हाय. जाताना अंगावर घाला." थोरल्या दिरांना त्या म्हणाल्या, "धाकट्याला तार कर."

दीर तारेचं आजउद्या करत होते, पण नुसत्या त्या शब्दानं मी हादरले. सरहद्दीवरच्या माणसाला आई जाते अशी तार गेली असती, तर तो कुठल्या मनानं बंदूक धरणार होता? आणि म्हातारी खरंच गेली असती तर? तिच्याशी माझं एक दिवस पटलं नव्हतं. पण ती मरावी असं मला वाटत नव्हतं, आणि हे मी कुणाला पटवून देऊ शकले नसते. मरणाला भ्यालेली ती मला बघवत नव्हती. भांडणारी, ठसे मोजणारी म्हातारी मला परत हवी होती.

माझा संशय आता चहूकडे धावायला लागला. आधी मी जाऊबाईंना धरलं. किल्ल्या आता कनवटीला खोचता येत नाहीत म्हणून उशाखाली आल्या होत्या आणि म्हातारी गेल्यावर त्या थोरलीकडेच जाणार होत्या. ही माप घेताना दोरा ताणत तर नाही? एक दिवस मी त्यांच्या शेजारीच बसले. त्यांनी अगदी हलक्या हातानं दोरा ठेवला, पुढं आणला आणि तो उरलेला बघून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग मी दोऱ्यावर संशय घेतला. नवा सुती दोरा, ताणून लांबला असेल. माझ्या हातावर मापून ठेवला, दुसऱ्या दिवशी पाहिला, होता तेवढाच होता. मग बाबांवर. पण त्या माणसाला आमच्या म्हातारीला मारून काय मिळणार होतं? एक नारळ?

आठवडी बाजाराचं निमित्त काढून मी जाऊबाईंना घेऊन कराडला गेले. थोरल्या दिरांशी मी समोरासमोर बोलत नसे, तशी रीतच होती. त्यामुळे त्यांना पटवायचा प्रश्न आला नाही आणि विचारलंही नाही. बाजारपेठेच्या मागच्या आळीत एक डॉक्टर बसायचे. पेशंट नाही, नुसत्या दोन बाया आल्यात, हे बघून त्यांनी चष्मा वर केला.

"दुखणं आधी आलं की फोड आधी?" त्यांनी विचारलं.

"दुखणं," मी म्हणाले. "फोड मागनं उठले."

"एकाच बाजूला आहेत?"

"व्हय. पाठीच्या कण्यापासनं बेंबीपतोर. डाव्याच अंगाला."

"लहानपणी त्यांना कांजण्या आल्या होत्या का?"

हे आम्हाला काय ठाऊक? जाऊबाई म्हणाल्या, आल्याच असतील, गावात कुणाला आल्या नाहीत?

मग डॉक्टरांनी सांगितलं ते मी शब्द न शब्द धरून ठेवलं. हा साप नाही आणि बाहेरून काही आलेलं नाही. कांजण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचं विष अंगात एखाद्या नसेच्या मुळाशी निजून राहतं. वय झालं, अंग खचलं की ते जागं होतं आणि त्या नसेच्या वाटेनं कातडीवर येतं. ती नस जेवढी, तेवढाच पट्टा. नस कण्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यावर संपते, म्हणून पट्टाही सहसा तिथंच संपतो. दुसऱ्या बाजूला जाऊन तोंडाला शेपूट मिळत नाही.

"पण डॉक्टर, दोरा उरतोय की," मी म्हणाले.

"दोऱ्याचं मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर या रोगावर नेमकं औषधही माझ्याकडे नाही. फोड फोडू नका, कोरडे ठेवा, सुती मऊ कापड वापरा. हे गुलाबी औषध वरून लावा, ही गोळी दुखण्यावर. खपल्या पडल्या तरी आतून कळा येत राहतील, कधीकधी महिनोन् महिने. तेव्हा औषध लागू पडलं नाही म्हणून माझ्या नावानं ओरडू नका. त्या खातात काय?"

जाऊबाईंनी कण्या सांगितल्या. अळणी, तेलाशिवाय, आता जिऱ्याशिवाय.

"आणि?"

"आनि काय न्हाई."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "जखम भरून यायची ती कशातून येणार? विटा नकोत का भिंतीला? दूध द्या, डाळ द्या, अंडं चालत असेल तर अंडं द्या. पालेभाजी, पेरू, लिंबू. एकदम ताट वाढू नका, भूक नसते. वाटीभर द्या, पण सारखं देत राहा. मीठ घाला म्हणजे घशाखाली उतरेल." मग म्हणाले, "घरात तान्हं मूल असेल, कांजण्या न आलेलं, तर त्याला फोडांपासून लांब ठेवा. तुम्हाला आल्यात का?" आल्यात म्हणून मी दंडावरचा वण दाखवला.

येताना एसटीत जाऊबाई म्हणाल्या, "औशद न्हाई म्हणतो तो कसला डाक्टर?" मलाही आधी तसंच वाटलं. म्हातारीला न बघताच बोलला, दोऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण वडिलांचं सांगणं आठवलं. या माणसानं मालातली खोट आपणहून दाखवली होती. औषध नाही, कळा राहतील, दोऱ्याचं ठाऊक नाही. ते पोतं मी उघडायचं ठरवलं.

घरी आल्यावर आत्याबाईंना कूस बदलायला जाऊबाईंनी हात दिला आणि मी पलीकडून धरलं. त्यांच्या दंडात चांदीची वाकी होती, लग्नातली. ती इतकी रुतलेली असायची की दोन्ही बाजूंनी मांस वर यायचं. सोनारानं एकदा तेल लावून काढायचा प्रयत्न करून हात टेकले होते. मी दंड धरला आणि वाकी सुळकन खाली घसरून कोपरावर आली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग पांघरूण बाजूला करून त्यांच्या पोटाकडे बघितलं. बाबांनी ओढलेली काव वाळून तडकली होती, पण दिसत होती. फोड तिच्या आतच होते. एकही पुळी रेघेबाहेर गेली नव्हती. पुढच्या बाजूला काही तर सुकून काळसर पडायला लागले होते. नागीण वेशीच्या आत, आणि तरी रस्ता कमी होत चाललेला. कसा?

दंड बारीक झाला होता, तशी कंबरही बारीक झाली होती. नागीण चाललीच नव्हती. आम्ही म्हातारीला उपाशी ठेवत होतो, तिचं अंग आटत होतं, म्हणून दोरा उरत होता. दोरा उरला की आम्ही पथ्य आणखी कडक करत होतो. मग ती आणखी आटत होती. दोऱ्यात खोट नव्हती, जाऊबाईंच्या हातात नव्हती, बाबांच्या मनातही नव्हती. ज्यांच्यावर मी इतके दिवस संशय घेतला ते सगळे प्रामाणिक होते आणि ते सगळे मिळून एका बाईचा जीव घेत होते.

पण हे आत्याबाईंना सांगायचं कसं? माझ्या तोंडून दूध हा शब्द निघाला असता तर मारायला उठली म्हणून त्यांनी गाव गोळा केलं असतं. मी बाबा येईपर्यंत थांबले. ते येऊन बसले, आत्याबाई जाग्या होत्या, दीर ओसरीच्या दारात होते. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि जाऊबाईंना विचारल्यासारखं मोठ्यानं विचारलं.

"जाऊबाई, बाबांनी बांधलेली वेस नागीन वलांडंल का हो?"

"वलांडंल कशी!" बाबा म्हणाले. "माजी वेस हाय ती."

"मग बघा की बाबा. वलांडलीया का?"

त्यांनी वाकून बघितलं. पाठीकडून बघितलं, पुढून बघितलं. रेघ जागच्या जागी आणि फोड तिच्या आत.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग दोरा कसा उरतोय?"

बाबांनी रेघेवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "मापात खोट असंल." जाऊबाई रडायला लागल्या. आत्याबाईंनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मान उचलली आणि थोरल्या सुनेकडे असं काही बघितलं की मला माझे पहिले दिवस आठवले. मी पटकन त्यांचा हात उचलून धरला. वाकी कोपरावरून थेट काखेपर्यंत घसरली.

"खोट मापात न्हाई," मी म्हणाले. "अंगात मापायलाच काय उरलं न्हाई. नागीन हाय तितंच हाय. कंबार आटली."

दीर आत आले, त्यांनी आईच्या दंडाकडे बघितलं आणि खाली बसले. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. त्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांनी हुज्जत घातली नाही. "म्हंजे माज्या वेशीत ती कवाच मेली," ते म्हणाले. "मेलेल्या सापाला कसलं पथ्य? घाला म्हातारीला खायाला." आणि नारळ घेऊन गेले. नागीण मारल्याचं श्रेय त्यांनी घेतलं आणि मी ते आनंदानं देऊन टाकलं.

मी दूध तापवलं, चिमूटभर हळद घातली आणि पितळी पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पेल्याकडे बघितलं. मग बाबा गेले त्या दाराकडे, मग जाऊबाईंकडे, मग माझ्याकडे. आता त्यांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. दोऱ्यानं फसवलं, बाबांनी फसवलं, थोरलीनं उपाशी मारलं, आणि आता ही सांगलीची दूध घेऊन आलीय.

"आदी तू पी," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. आत्याबाईंचं सोवळं असं नव्हतं, पण उष्ट्याचं त्यांना भारी वावडं. पोराचं उष्टंसुद्धा त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. सुनेचं उष्टं खायचं म्हणजे अब्रूच गेली.

"आवं, उष्टं व्हईल," मी म्हणाले.

"होऊ दे. म्या बघती. पी."

मी त्यांच्यासमोर दोन घोट घेतले. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या, खाली उतरतंय का ते. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी मरत नाही असं दिसल्यावर पेला ओढून घेतला आणि माझं उष्टं दूध पिऊन टाकलं.

त्या दिवसापासून ही रीतच पडली. दूध आधी मी प्यायचं. अंडं उकडलं की अर्धं जाऊबाईंनी खाऊन दाखवायचं. मुगाचं कढण, मऊ भात, हुलग्याचं माडगं, चाकवताची भाजी, दाण्याचा कूट घालून कुस्करलेली भाकरी, जे जे म्हणून त्यांच्यापुढे जाईल त्याचा पहिला घास आमच्यापैकी एकीनं घ्यायचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडं थोडं, पण सारखं. सुरुवातीला वाटी अर्धी व्हायची, मग रिकामी व्हायला लागली. खपल्या धरल्या, पडल्या. वाकी दंडावर चढली. कळा मात्र जात नव्हत्या. उन्हाळा लागला तरी वारा लागला की त्या कूस धरून बसायच्या आणि "आत जिती हाय ती" म्हणायच्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. नाहीतर पुन्हा दोरा निघाला असता.

किल्ल्या परत कनवटीला गेल्या, या वेळी उजव्या. पिठावरचे ठसे सुरू झाले, उंबऱ्यावरचा पहारा सुरू झाला. पण "आदी तू पी" काही सुटेना. मला आता राग यायचा. या बाईसाठी मी एवढं केलं आणि हिचा संशय फिटत नाही! दीर हसायचे, मला आत ऐकू जाईल असं मोठ्यानं आईला म्हणायचे, "आये, आता कशाला गं? बरी झालीस की."

"सुनांवर न्हाई ठिवायचा संशय, तर काय म्हशींवर ठिवू?" आत्याबाई म्हणायच्या.

पेला मात्र मोठा झाला होता. छोट्या पेल्याच्या जागी त्यांनी कपाटातून काठोकाठ शेरभर मावेल असा पेला काढला होता. "दोन घोटांनी काय कळतंय? चांगलं अर्दं पी. इख तळाला बसतं," असं म्हणायच्या. मी चडफडत अर्धा पेला संपवायचे.

श्रावणात मी माहेरी सांगलीला गेले. वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, हातात सवयीनं एक हळकुंड घेऊन फिरवत होते. मग म्हणाले, "तुझं अंग भरलंय हो. लग्नात काडी होतीस." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

परत आले तेव्हा जाऊबाई गोठ्यात होत्या. मी विचारलं, "मी न्हवते तवा दूध आदी कुनी प्यायचं? तुमाला प्यायला लावत हुत्या?"

"कुनी न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. "तू गेलीस त्या दिशी मी इचारलं, मी पिऊन दावू का? तर म्हनल्या, तुजं तू अंडं खा, गप बस. आनि त्यांनी सोताच पेला उचलला नि गटागटा पिल्या. रोज तसंच."

तळाचं हळकुंड वर काढून मोडायला शिकलेली मी. सुनांना दूध न मिळणाऱ्या घरात रोज अर्धा पेला दूध पोटात जात होतं, आणि ते कुणामुळं जात होतं, हे मी एकदाही मोडून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी दूध तापवून नेलं. आत्याबाई उंबऱ्यावरच होत्या. कपाळाला आठ्या, डोळे बारीक, नेहमीसारख्याच. पेला हातात घेतला आणि माझ्याकडे सरकवला.

"आदी तू पी," त्या म्हणाल्या. "सांगलीस्नं येताना काय घिऊन आलीयास, कुनाला ठावं."

मी पेला तोंडाला लावला. डोळे भरून आले होते ते पदराआड झाकले आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे चांगला अर्धा प्यायले.